देवीला वाहिलेला हार : आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्या विश्वस्तांना खुले पत्र

दि. 8 जून 2025

प्रति,
विश्वस्त मंडळ, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो
आणि
स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

आपल्या संग्रहात नेपाळचा एक हार आहे. सतराव्या शतकातला, तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला, रंगीत खडे जडवलेला. हा हार काठमांडूच्या तलेजू भवानीचा आहे आणि तो तिला परत द्यावा, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने पाठवली आहे. मराठीतून जाहीर करते आहे, कारण आपल्या दारातून आत जाणाऱ्यांत आम्ही मराठी माणसंही बरीच आहोत आणि या हाराबद्दल आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

यंदाच्या मार्चमध्ये आपण नेपाळला एक मूर्ती परत केली. मुचलिंद नागाच्या फण्याखाली बसलेला बुद्ध, बाराव्या शतकातला, काठमांडूजवळच्या पाटणमधल्या गुइत बही या बौद्ध विहारातून चोरीला गेलेला. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. मग त्याच बातमीत मी हाराचं काय झालं ते शोधलं. त्याचा निर्णय झालेला नव्हता. त्या रात्री हे पत्र लिहायचं ठरवलं.

मी नेपाळी नाही. मग या हाराशी माझा काय संबंध, असं आपण विचाराल. संबंध दोन बाजूंनी आहे आणि दोन्ही सांगते.

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत गावाकडून आईवडील आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. तळं, लेमाँटचं राममंदिर आणि ॲडम्स स्ट्रीटच्या टोकाची आपली ती दोन सिंहांची इमारत. चित्रांसाठी सगळेच येतात असं नाही. 11 सप्टेंबर 1893 ला सर्वधर्म परिषद याच इमारतीत भरली आणि स्वामी विवेकानंद इथे बोलले, म्हणून येतात. 2010 साली, त्याच तारखेपासून, मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी आपल्या मोठ्या जिन्याच्या 118 पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत उमटवलं होतं. अमेरिकी सरकारने दहशतवादाच्या धोक्याचे इशारे द्यायला जे पाच रंग ठरवले होते, त्याच रंगांचे ते दिवे होते. माझे सासरे तेव्हा आमच्याकडे होते. गुडघे दुखत असूनही ते एकेका पायरीवर थांबून मोठ्याने वाचत वर गेले, आणि वर पोचल्यावर म्हणाले, एक शब्द सुटला, पुन्हा खालून येतो. त्या दिवशी ही इमारत मला आपली वाटली. दुसऱ्याच आठवड्यात मी सभासद झाले.

शिकागोच्या संग्राहक अल्सडॉर्फ दांपत्याच्या अल्सडॉर्फ फाउंडेशनकडून हा हार आपल्या संग्रहात आला तेही 2010 सालीच. मला हे बऱ्याच वर्षांनी कळलं. एका जिन्यावर आपण परधर्माच्या आदराचे शब्द उजळले आणि त्याच वर्षी एका देवीच्या गळ्यातला दागिना दाखल करून घेतला.

दुसरा संबंध माझ्या आजीकडून येतो. आमचं मूळ घर बार्शीचं. कुलदैवत तुळजापूरची भवानी. माझ्या काकांना लहानपणी विषमज्वर झाला होता, तेव्हा आजीने नवस बोलला. मूल उठून बसल्यावर तिने स्वतःच्या पुतळ्यांच्या माळेतल्या दोन पुतळ्या सोडवल्या, खणात बांधल्या आणि पायी तुळजापूरला जाऊन देवीला वाहिल्या. पुढे 1972 चा दुष्काळ आला. घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. तेव्हा शेजारची एक बाई सहज म्हणाली, त्या दोन पुतळ्या असत्या तर आज उपयोगी पडल्या असत्या. आजीने तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाली, "वाहिलंय ते. माझं असतं तर मोडलं असतं." वडील हा प्रसंग सांगायचे तेव्हा "वाहिलंय" या शब्दावर त्यांचा आवाज दर वेळी बदलायचा.

विश्वस्तहो, आपल्या इंग्रजीत "दिलं" म्हणायला पुष्कळ शब्द आहेत, पण या शब्दाची जागा त्यातला एकही पूर्ण भरून काढत नाही. वाहिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. पुजाऱ्याचीही होत नाही, तो फक्त सांभाळतो. ती राजाची नसते आणि सरकारचीही नसते. ती देवाची असते, आणि देव ती विकत नाही. आमच्या कायद्यानेही हे मानलं आहे. तिकडे देव स्वतः मालमत्तेचा धनी असू शकतो, कोर्टात पक्षकार असू शकतो. तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज लंडनला पोचला तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयांनी देवळाचा हक्क मान्य केला आणि 1991 साली मूर्ती भारतात परत आली.

तलेजू ही नेपाळच्या मल्ल राजांची कुलदेवी. काठमांडूच्या हनुमान ढोक्याजवळचं तिचं देऊळ महेंद्र मल्लाने 1564 मध्ये बांधलं. ज्या कुमारीची आपल्याकडेही चर्चा होते, ती लहान मुलगी तलेजूचंच जिवंत रूप मानली जाते. तलेजू भवानी आणि तुळजा भवानी, ही नावं शेजारी ठेवली की कोणाही मराठी माणसाचे कान टवकारतात. त्यावर मी कुठलाही दावा उभा करत नाही, नात्यागोत्याचा तो प्रश्न अभ्यासकांचा. पण आमची भवानी नवरात्रात दागिने घालून उभी राहते, महाराजांनी वाहिलेली म्हणून सांगितली जाणारी माळ तिच्या ऐवजात आहे, आणि ती माळ परदेशातल्या एखाद्या काचेच्या पेटीत, खाली कुणा उद्योगपतीचं नाव लावून ठेवलेली दिसली तर आम्हाला काय होईल, हे समजायला मला अभ्यासकांची गरज नाही. जून 2021 मध्ये श्वेता ग्यानु बानिया या नेपाळी प्राध्यापक आपल्या दालनात त्या हारासमोर उभ्या राहून रडल्या. ते चित्रण हजारो नेपाळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं.

पुढच्याच महिन्यात मी मुलीबरोबर हार बघायला आले. ती तेव्हा आपल्याच शाळेत शिकत होती. शाळेच्या ओळखपत्रावर तिला आत यायला पैसे पडत नसत, त्यामुळे चार वर्षांत तिने आपली दालनं घरासारखी वापरली. आत शाई चालत नाही, म्हणून तिच्या पिशवीत कायम पेन्सिली असत. हारासमोर जमिनीवर बसून तिने तासभर त्याचं रेखाटन केलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. हार रुंद आहे, गळ्याबरोबर बसणारा नाही, छातीवर रुळावा असा. माणसाच्या छातीवर तो मोठा वाटला असता. खडे चमकत नव्हते. दागिना अंगावर नसला की मेल्यासारखा दिसतो, सोनाराच्या दुकानातही दिसतो.

वही मिटताना मुलीने विचारलं, "आई, यात भेट कुणी कुणाला दिली?"

तिचा प्रश्न साधा होता. आपल्या नोंदीत लिहिलेलं असतं, अल्सडॉर्फ फाउंडेशनची भेट. पण हारावर जी अक्षरं कोरली आहेत ती दुसऱ्याच भेटीची आहेत. राजा प्रताप मल्लाने तो तलेजूला अर्पण केला, असं तो हार स्वतःच सांगतो. आपण त्याला नाव दिलं आहे "राजा प्रतापमल्लदेव यांचं नाव कोरलेला हार". देणाऱ्या राजाचं नाव घेतलंत, आणणाऱ्या धनिकाचं घेतलंत, आणि ज्या देवीला तो दिला तिला शीर्षकात जागा ठेवली नाहीत.

माझ्या तक्रारी आता क्रमाने मांडते.

पहिली, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी, पुराव्याच्या ओझ्याबद्दल. नेपाळने हार मागितल्यावर आपण आणखी माहिती मागितलीत, आणि ती यायची आहे म्हणून थांबला आहात. नेपाळच्या मूर्ती परत गेल्या त्या बहुतेक छायाचित्रांच्या जोरावर गेल्या. नेपाळी चित्रकार आणि कलाअभ्यासक लैनसिंह बांगदेल यांच्यासारख्या माणसांनी गल्लीबोळांतल्या, पाणवठ्यांवरच्या मूर्तींची छायाचित्रं जमवून ठेवली होती, म्हणून "हीच ती" असं बोट ठेवता आलं. पण तलेजूचं देऊळ गल्लीतलं नाही. ते सामान्य भक्तांना वर्षातून एकदा उघडतं, दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, नवमीला. गाभाऱ्यातल्या दागिन्याचं छायाचित्र काढून कोण ठेवणार? जे देवस्थान आपली वस्तू जपून, झाकून ठेवतं, त्याच्याकडे तिचं चित्र नसतं. त्याच कारणाने त्याचा दावा कच्चा धरायचा, याला मी न्याय म्हणू शकत नाही. मूर्तीला छायाचित्र लागतं कारण बहुतेक मूर्ती बोलत नाहीत. हा हार बोलतो. धन्याचं नाव अंगावर घेऊन फिरणारी अशी वस्तू आपल्या संग्रहात फार नसतील.

आपल्याकडच्या कागदांचंही तेच. नेपाळमध्ये प्राचीन वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्याला 1956 च्या कायद्याने बंदी आहे. सत्तरच्या दशकात हा हार देवळातून हलवला गेला आणि बेपत्ता झाला. 1976 मध्ये अल्सडॉर्फ दांपत्याने तो कॅलिफोर्नियातल्या एका विक्रेत्याकडून घेतला. मग देवळापासून त्या विक्रेत्यापर्यंत तो आला कसा, बाहेर न्यायचा परवाना कुठे आहे? हा प्रश्न आपण देवळाच्या पुजाऱ्याला विचारता आहात. तो विचारायचा आहे विकत घेणाऱ्याला आणि त्याच्याकडून भेट स्वीकारणाऱ्याला. चोरीची सायकल ज्याच्या दारात सापडते, पावती त्याच्याकडे मागतात.

दुसरी तक्रार उशिराची. 2021 पासून चार वर्षं झाली. नेपाळच्या सरकारी कचेरीतूनही दिरंगाई झाली असेल. फायली कशा सरकतात ते मला सांगायला नको, मी महाराष्ट्रात वाढले. हार देवळातून बाहेर पडला त्यात तिथल्याही माणसांचे हात असणार, हेही मी नाकारत नाही. पण त्या कचेरीची चूक देवीच्या खात्यावर का मांडायची?

तिसरी बोलायला अवघड आहे, पण बोलते. जेम्स अल्सडॉर्फ हे 1975 ते 1978 या काळात आपल्याच मंडळाचे अध्यक्ष होते, आणि हार विकत घेतला गेला तो 1976 मध्ये. भारत, हिमालय आणि आग्नेय आशियाच्या कलेची जी दालनं 2008 मध्ये उघडली त्यांवर याच घराण्याचं नाव आहे. गेलेल्या माणसांच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. त्यांचं या कलेवर प्रेम होतं आणि त्या प्रेमामुळे शिकागोच्या मुलांना खूप काही बघायला मिळालं, माझ्या मुलीलाही. पण 2023 मध्ये प्रोपब्लिका आणि क्रेन्स शिकागो बिझनेसच्या पत्रकारांनी या संग्रहातल्या नेपाळी वस्तूंचा माग काढून लिहिल्यानंतर, दात्याचं नाव भिंतीवर असलेल्या संस्थेने स्वतःच स्वतःची चौकशी करणं लोकांना पुरेसं वाटणार नाही. बाहेरचा माणूस हवा.

चौथी शाळेबद्दल. आपण नुसतं संग्रहालय चालवत नाही. 1879 मध्ये ही संस्था निघाली तेव्हापासून शिकवणं आणि संग्रह एकाच छपराखाली आहेत. ग्रँट वूड आपल्या शाळेत शिकला आणि त्याचं "अमेरिकन गॉथिक" 1930 मध्ये आपण विकत घेतलंत, ते आजही आपल्याकडे आहे. जॉर्जिया ओकीफही याच शाळेची. आपली शाळा कलेचा इतिहास शिकवते, वास्तूंच्या जतनाचं शिक्षण देत आली आहे. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली हे विचारायला माझी मुलगी इथेच शिकली, आणि याबद्दल मी तिच्या शिक्षकांची ऋणी आहे. पण वर्गात जे शिकवायचं ते रस्ता ओलांडून दालनात गेल्यावर लागू होत नसेल, तर मुलांनी दोन्हीतलं कुठलं खरं धरायचं? या विषयावर शाळेने अधिकृतपणे बोलावं असं मला वाटतं. संस्था एकच आहे, त्यामुळे हे संग्रहालयाचं बघा, असं म्हणून शाळेला बाजूला होता येत नाही.

दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. इथे लाखो लोक हार बघतात, तिथे तो बंद देवळात पडून राहील, हा पहिला. तुळजापूरलाही देवीचे ठरावीक दागिने ठरावीक दिवशीच अंगावर येतात. बायका त्या दर्शनासाठी रात्रभर रांगेत उभ्या राहतात, आणि वर्षाचे बाकीचे दिवस ते दिसत नाहीत म्हणून कुणी हळहळत नाही. दागिना तिने घालायचा असतो, आपल्याला दिसला तर तो आपला लाभ.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. 1984 मध्ये पाटणमधून चोरीला गेलेली लक्ष्मीनारायणाची मूर्ती डॅलसच्या संग्रहालयातून 2021 मध्ये परत गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती तिच्या मूळ जागी पुन्हा बसवली आणि पूजा सुरू झाली. नेपाळी लोकांना आपले देव सांभाळता येतात. त्यांना शिकवायला आपण जाण्याचं कारण नाही.

आणि हे करायची वाट आपल्याला नवी नाही. थायलंडमधल्या फनोम रुंग देवळाची शेषशायी विष्णूची दगडी पट्टी आपल्याकडे उसनवारीवर होती, तीही अल्सडॉर्फ फाउंडेशनचीच. थायलंडच्या लोकांनी आवाज उठवला आणि 1988 मध्ये ती परत गेली. गेल्या वर्षी त्याच देवळाचा गोवर्धन उचललेल्या कृष्णाचा खांब आपण आपणहून परत केलात. यंदा बुद्ध. म्हणून मी रागाने लिहीत नाही, आपण हे करू शकता हे माहीत असल्यामुळे लिहिते आहे.

माझ्या मागण्या अशा.

हार तलेजूच्या देवळाला परत देण्याचा निर्णय जाहीर करा, आणि तो यंदाच्या नवमीच्या आधी करा. नवमी 1 ऑक्टोबरला आहे.

तो परत द्या, उसना देऊ नका. गेल्या वर्षी लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या मुदतीने. लोक कौतुकाने बघायला गेले, मीही सुट्टीत गेले, पण परत जायची तारीख ठरलेली वस्तू बघताना पोटात तुटतं. देवीला तिचाच हार मुदतीवर देऊ नका.

हाराबद्दलचे आपल्याकडचे सगळे कागद, खरेदीची नोंद, भेटीचं पत्र आणि नेपाळशी झालेला पत्रव्यवहार, लोकांना वाचता येईल असे खुले करा.

आणखी शंका असेल तर ती फेडायचा खर्च आपण करा. कोरीव अक्षरं वाचणारे नेवार (काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजातले) अभ्यासक आणि तलेजूचे पुजारी यांना बोलवा, हार त्यांच्या हातात द्या, काचेतून दाखवू नका.

अल्सडॉर्फ संग्रहातल्या हिमालयातून आलेल्या प्रत्येक वस्तूची मालकीची साखळी छापा, आणि जिथे ती तुटते तिथे तुटते असं लिहा.

शाळेने आपल्या इमारतीतल्या फुलर्टन हॉलमध्ये या विषयावर एक उघडी सभा घ्यावी. विद्यार्थी, शिकागोतले नेपाळी लोक आणि आपण विश्वस्त, सगळे एका खोलीत बसा. मी तिथे येऊन मागे बसेन.

तोवर शीर्षक बदला. तलेजूचं नाव घाला. याला कुठलाही पुरावा लागत नाही, आणि हे उद्या होऊ शकतं.

माझं सभासदत्व या महिन्यात संपतं आहे. उत्तर येईपर्यंत मी ते पुढे चालू करणार नाही. येत मात्र राहीन, तिकीट काढून.

कळावे,

आपली नम्र,
नेपरव्हिल येथील एक सभासद, आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीची आई

सोबत : हाराचं रेखाटन, पेन्सिल, जुलै 2021 (छायाप्रत). मूळ वही मुलीकडे आहे.